शोधनिबंधातली पोलादाची ओळ

क्वेंच केलेल्या पोलादातल्या अवशिष्ट ताणांची मॉडेल्स मांडणारे निबंध वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. थंड होण्याचं गणित चोख असतं, तेलाचं तापमान अंशापर्यंत दिलेलं असतं. पोलादाच्या ओळीत मात्र नुसतं '४२सीआरएमओ४' लिहून लेखक पुढे निघतात.

या ग्रेडमध्ये कार्बन ०.३८ ते ०.४५ टक्के चालतो. मँगनीज ०.६ ते ०.९, क्रोमियम ०.९ ते १.२, मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.३. अँड्र्यूज यांच्या १९६५च्या सूत्रात दोन्ही टोकं घालून बघा. मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान एकदा ३४८ अंश सेल्सिअस येतं, एकदा ३०५. त्यावर कोइस्टिनेन-मारबर्गर समीकरण लावलं, तर ३०० अंशांना एका तुकड्यात ४१ टक्के मार्टेन्साइट, दुसऱ्यात जेमतेम ५. ग्रेड मात्र एकच! (सूत्र अनुभवसिद्ध आहे, त्याची स्वतःची चूक धरावी लागतेच.)

मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं, आणि शेवटी कोण फुगतं यावर बरंच ठरतं. गाभा मागाहून फुगला तर तो पृष्ठभागाला ताणतो. क्वेंचिंगच्या भेगा बऱ्याचदा इथूनच येतात. मिश्रधातू कमी असल्याने जाड शाफ्टच्या गाभ्यात आधीच बेनाइट किंवा पर्लाइट होऊन गेलं, तर पृष्ठभाग शेवटी फुगतो आणि तिथे दाब राहतो. इथे दिंडोशी डेपोतून निघणाऱ्या बसमध्ये फिरणारा शाफ्ट असो की कुठला, थकव्याची भेग बहुधा पृष्ठभागावर सुरू होते, म्हणून हा दाब हवासा. म्हणजे घटक बदलले की ताणाचं चिन्हच पालटू शकतं.

माझं पहिलं मॉडेल एका हीटवर सुंदर जुळलं, दुसऱ्या हीटवर आपटलं. दोन महिने मी उष्णता-संक्रमण गुणांक हलवत बसलो. आकडे जुळलेही! दुसऱ्या हीटचं सर्टिफिकेट फाईलमध्येच होतं, उघडलं कोणी? छापलेल्या निबंधांतही असा जुळवलेला गुणांक दिसला की मला शंका येते. त्यात पडताळणी फक्त पृष्ठभागावरच्या एक्स-रे मोजमापाने केलेली असते, जे काही मायक्रॉन खोलीचंच बघतं. गाभ्याबद्दल त्यातून काय कळणार?

सर्टिफिकेटही बहुधा वितळलेल्या धातूच्या नमुन्याचं असतं. सळईच्या मध्यभागी विलगीकरणामुळे कार्बन वेगळा असू शकतो. या वेळी मी गाभा कापून वेगळा तपासायला दिलाय. रिपोर्ट गुरुवारी येईल.