भाज्याचं लाकूड, बेडशाचा रंग

मळवली स्टेशनला उतरून भाजे लेण्यांवर गेलेल्या मित्रमैत्रिणींच्या फोटोंखाली हमखास एक ओळ असते : 'दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड'. माझा आक्षेप या ओळीला आहे. सह्याद्रीचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. दोन हजार वर्षांचं तिथे आहे ते लाकूड, आणि ते फोटोत क्वचितच येतं.

चैत्यगृहात मान वर करून बघा. छताला लाकडी कमानी दिसतील. कार्ल्यालाही आहेत, सागवानी. त्या कसलाच भार पेलत नाहीत. कोरलेल्या डोंगराला टेकूची गरज नसते. आधीच्या लाकडी सभागृहांची ती आठवण आहे. म्हणजे व्यवहारी नजरेनं पाहिलं तर निरुपयोगी, बदलून टाकावं असं लाकूड.

पण भाज्याच्या या लाकडांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत, आणि ती अभ्यासकांच्या लक्षात आली थेट विसाव्या शतकात. त्याआधी कुणी सद्हेतूनं 'जुनं झालंय' म्हणून नवं सागवान बसवलं असतं, तर लेणं जागचं हललं नसतं. लेख मात्र गेला असता, आणि काय गेलं हे कुणाला कळलंही नसतं.

ही भीती काल्पनिक नाही. पवन मावळातल्या बेडशाला १८६१च्या सुमारापर्यंत साहेब लोकांच्या भेटीसाठी साफसफाई, रंगरंगोटी होत असे. त्यात जुन्या चित्रांच्या गिलाव्याचे उरलेसुरले अवशेष गेले. लूट झाली नाही, तोडफोड झाली नाही. नुकसान केलं ते नीटनेटकेपणानं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बदल चुकला तर आम्ही मागच्या आवृत्तीवर परत जातो. जतनशास्त्राचंही एक मूळ तत्त्व तेच आहे : उपचार शक्यतो असा करा, जो उद्या काढून टाकता येईल. रंगाच्या थराखाली खरवडून गेलेलं चित्र परत आणता येत नाही.

याचा अर्थ हात लावूच नये असा नाही. मावळचा पाऊस, दमट हवा, कीड यांच्यापुढे लाकूड सोडून देणं हेही दुर्लक्षच. पण आधी नोंद, मग निरीक्षण, आणि अगदी शेवटी दुरुस्ती, हा क्रम हवा.

भाज्याच्या दर्शनी भागात दगडात खाचा दिसतात. तिथला लाकडी दर्शनी भाग कधीच गेला; तो कसा जोडला होता, हे आता फक्त त्या रिकाम्या खाचा सांगतात. उद्या कुणी त्या सिमेंटनं बुजवायला निघालं, तर 'छान दिसतंय' म्हणण्याआधी आपण विचारायला हवं : इथे काय लिहिलं होतं?