शून्य सावलीपलीकडे

पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. अशा हौशी मंडळांनी आकाशनिरीक्षणाची गोडी लावली, हे खरेच. परंतु ‘शून्य सावली दिवसा’चा गाजावाजा शाळांच्या फारसा उपयोगी नाही. पुण्यात हा दिवस १३ मेच्या सुमारास येतो, तेव्हा शाळांना सुटी. पुन्हा ३० जुलैच्या सुमारास येतो, तेव्हा आकाशात ढग. शिवाय नाहीशा झालेल्या सावलीत मोजायचे काय? एक मीटर उंचीच्या उभ्या काठीची दिवसातली सर्वांत आखूड सावली २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर भरते, २१ मार्चला सुमारे ३३. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला अशी नोंद केली, तर सूर्याचे उत्तरायण त्यांच्या वहीत उतरेल. मंडळांनी एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा शिक्षकांना या वहीसाठी मदत करावी.