खुर्ची नक्की कोणाची?

मोशीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चालू आहे. मालकाने मोबाईलवर फोटो दाखवला आणि राजस्थानातून आलेल्या कारागिराने तशीच खुर्ची करायला घेतली: उलट्या व्ही आकाराचे पाय, वेताची बैठक. ही मूळची चंदीगडची खुर्ची.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तिच्यापुढे सहसा एकच नाव असतं, स्विस वास्तुविशारद पिएर जानरे. १९५१ ते १९६५ ते चंदीगडमध्ये राहिले. इथलं सागवान, इथला वेत, इथलं हातकाम धरून त्यांनी फर्निचर आखलं, हे मोठं काम आहेच. पण त्याच गटात युली चौधरीही होत्या, आणि प्रत्यक्ष खुर्च्या घडवल्या सुतारांनी.

अमेरिकेतली गोष्टही अशीच सांगतात: जर्मनीहून आलेले हान्स नोल, फिनलंडहून आलेले एरो सारिनेन. स्थलांतरितांमुळे आधुनिक फर्निचर बहरलं, हे खरंच. माझा आक्षेप एवढाच, की बाहेरून आलेला माणूस कागदावर आखणारा असेल तर तो डिझायनर, आणि रंधा मारणारा असेल तर नुसता लेबर.

शेजारच्या कारागिराने पाय फोटोपेक्षा जाड ठेवलेत. का, तर मालकाने आणलेलं लाकूड सागवानापेक्षा हलकं आहे, बारीक पाय टिकणार नाहीत. मग हा डिझाइनचा निर्णय नाही तर काय?