काव्येतिहाससंग्रह : कागद आणि अभिमान

मराठी नियतकालिकांत दीर्घायुषी पुष्कळ झाली. पण अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या आयुष्यात वाचकाची इतिहासदृष्टी घडविणारी थोडीच. १८७८ साली पुण्यात निघालेले ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक त्यांपैकी एक. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते चालविले. सरदार-कारकुनांच्या दप्तरांत पडून राहिलेल्या बखरी, पत्रे आणि याद्या त्यांनी छापून वर्गणीदारांच्या हाती दिल्या. सभासदाची बखर आणि ‘भाऊसाहेबांची बखर’ अशी सामान्य वाचकाच्या घरात आली.

या उद्योगाची निकड समजण्याजोगी होती. मराठ्यांचा सलग इतिहास ग्रँट डफच्या लेखणीतून १८२६ मध्ये अवतरला होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ मध्ये त्यातील उणिवा दाखविल्या, तेव्हाच स्पष्ट झाले की परक्याच्या ग्रंथाला उत्तर द्यायचे तर आधी स्वतःची साधने हाती हवीत. मासिकाने ती पुरविली. १८९८ पासून राजवाड्यांनी काढलेले साधनांचे खंड आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही याच वाटेवरची पुढली ठाणी होत.

परंतु या वारशाचे मूल्यमापन करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मासिकाने वाचकाला दोन गोष्टी दिल्या : पूर्वजांविषयीचा अभिमान आणि मूळ कागद स्वतः वाचण्याची सवय. पहिली गोष्ट आपण आवडीने सांभाळली. नाटके, कादंबऱ्या आणि व्याख्याने यांनी ती वाढविली. दुसरी मात्र संशोधकांच्या स्वाधीन करून आपण मोकळे झालो. बखर वाङ्मय म्हणून रसाळ, पण साक्षीदार म्हणून तिची उलटतपासणी व्हायला हवी, हे राजवाड्यांनी कठोरपणे सांगितले. ते सामान्य वाचकापर्यंत फारसे झिरपले नाही.

नागपूरचेच उदाहरण घ्यावे. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली, ती रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या सांगण्यावरून. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर राज्याची सूत्रे ज्याच्या हाती गेली, त्याच्याच इच्छेने पराभूत घराण्याची कथा लिहिली गेली. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. पण ‘कोणासाठी लिहिली?’ हा प्रश्न टाळून ती वाचता येत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आपल्या इतिहासात पराक्रम म्हणून नोंदल्या आहेत. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई पदरी पडली. त्याच काळात गंगारामाने बंगालीत रचलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात मात्र लुटलेली गावे आणि पळणारी माणसे दिसतात. बंगाली अंगाईगीतांतून ‘बर्गी’ हा शब्द आजही भयाने उच्चारला जातो. राष्ट्राचा इतिहास म्हणायचे तर हे दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवावे लागतील. आणि ज्या शहरात बसून ते ठेवायचे, ते वसविले देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंदाने. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते, त्या गोंडांना बखरींच्या मासिकात जागा मिळणे कठीणच होते. हा संपादकांचा दोष नव्हे, साधनांची मर्यादा होय. परंतु ती मर्यादा विसरून आपण त्यालाच संपूर्ण इतिहास मानले, तर तो दोष आपला. यादव माधव काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) यासारख्या ग्रंथांनी प्रांताकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहिले, हे म्हणूनच महत्त्वाचे.

इतिहासावरून माणसे एकमेकांसमोर उभी ठाकतात, तेव्हा हातात बहुधा घोषणा असते, कागद नसतो. साने-मोडकांनी वाचकाला मताच्या आधी मजकूर दिला. त्याच्या विवेकावर त्यांचा विश्वास होता. आपल्याला न रुचणारा कागदही त्याच निष्ठेने वाचणे, हीच त्या विश्वासाची परतफेड होय.