क्रूसावरची अक्षरं

अमेरिकेत राहताना बायबल एकदाही न उघडता तुम्ही रोज त्याच्या आसपासच असता. नाण्यावर देवाचं नाव असतं. शिंक आली की शेजारचा अनोळखी माणूस देवाचा आशीर्वाद देतो. डिसेंबरात ऑफिसातले सगळे, देव मानणारे आणि न मानणारे, एकाच झाडाला दिवे लावतात. यात धर्म किती आणि नुसती रीत किती? विचारून बघा, बहुतेक जण खांदे उडवतील. पण उलट प्रश्न आला की पंचाईत होते. तुमचा गणपती हा धर्म की संस्कृती? मग आपणही 'तसं दोन्ही' म्हणून सुटका करून घेतो.

पंडिता रमाबाईंनी अशी सुटका करून घेतली नाही, म्हणून त्या आज वाचायच्या. पण आपल्याकडे त्यांना वाचायच्या दोन पद्धती पडून गेल्या आहेत. एका पद्धतीत त्या धर्म सोडून गेलेल्या बाई. दुसरीत त्या थोर स्त्रीवादी, आणि ख्रिस्ती होणं हा जणू मध्येच आलेला अडथळा. दोन्ही पद्धतींत बायबल बाजूला राहतं. माझं म्हणणं असं, की रमाबाईंचा सगळ्यांत मोलाचा विचार नेमका त्या बाजूला ठेवलेल्या जागी आहे: श्रद्धा घेतली म्हणून ती ज्या लोकांकडून आली त्यांचं ताट, त्यांची भाषा आणि त्यांचा रुबाबही घ्यायचा का?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढची काही वर्षं त्यांचा आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रांतून वाद चालला होता. ही पत्रं अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ मध्ये ती मुंबईत पुस्तकरूपाने आली. त्यात त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर पानंच्या पानं आहेत. पण खरी ठिणगी उडते ती पुडिंगवरून. रमाबाई शाकाहारी राहिल्या. सिस्टरना त्यात अहंकार आणि जातीचा पूर्वग्रह दिसला. रमाबाईंचं उत्तर फार सरळ आहे. माझ्यात जुने पूर्वग्रह उरले असतील, हे त्या मान्य करतात. पण इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला गेली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का, असं विचारतात.

मग क्रूसाचा मुद्दा निघतो. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, अक्षरं हवीच असतील तर संस्कृतात असू देत. संस्कृत देवभाषा आहे म्हणून नव्हे. ती माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा आहे म्हणून. शिवाय लॅटिन मलाही कळत नाही आणि माझ्या देशातल्या बायांनाही.

इथे आपण टाळी वाजवतो. जरा थांबू या. माझ्या देशातल्या बायांना कळत नाही, हे कारण पक्कं आहे. पण संस्कृत तरी त्यातल्या किती जणींना येत होतं? बॉस्टनच्या मिशनरी बोर्डाने चालवलेलं अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होतं. नगरकडच्या ख्रिस्ती झालेल्या महार आणि मांग घरांना संस्कृत अक्षरं लॅटिनइतकीच परकी. त्यांच्या ताटाचा प्रश्नही पुडिंगमधल्या अंड्याचा नव्हता. रमाबाई 'आपली संस्कृती' म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर शास्त्र्याचं घर असतं. परदेशात 'मराठी जेवण' म्हणताना आपलंही बऱ्याचदा तसंच होतं. कुणाचं तरी एकच स्वयंपाकघर सगळ्यांच्या नावाने मांडलं जातं.

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्चच्या त्या समारंभात मराठीच बोलणाऱ्या दोन बाया होत्या. एकीने हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर सांगून देश सोडला होता. दुसरी ख्रिस्ती झाली होती. साडी दोघींनीही सोडली नव्हती. धर्म आणि राहणी वेगळी काढता येतात याचा याहून साधा पुरावा कशाला हवा?

रमाबाई मग १८८८ पर्यंत अमेरिकेत फिरल्या, आणि परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' निघालं. मीरा कोसंबींनी २००३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यामुळे आज अमेरिकेतल्या वाचनालयांतूनही ते सापडतं. जमलं तर मूळ मराठी वाचा. त्यात रमाबाई अमेरिकेच्या ख्रिस्तीपणाची परीक्षा व्यवहारावरून घेतात. सरकारी चर्च नाही, लोक आपल्या खिशातून चर्च चालवतात, हे त्यांना फार आवडतं. इंग्लंडमधल्या अधिकारशाहीनंतर आवडणारच. बायांच्या संस्थांचं, दारूबंदीच्या चळवळीचं त्या भरभरून कौतुक करतात. पण त्याच पुस्तकात मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आहे, गुलामगिरी आहे, वर्णद्वेष आहे, आणि टोपीवर मेलेले पक्षी मिरवणाऱ्या फॅशनला दिलेला फटकाही आहे. टोपी आणि गुलामगिरी एका मापाच्या गोष्टी नाहीत, पण रमाबाई दोन्हीकडे तेच विचारतात: रविवारी जे वाचता ते सोमवारी कुठे जातं?

पुस्तकाची कमजोरीही सांगायला हवी. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुधारक, सुखवस्तू गोऱ्या मंडळींत होता, आणि लिहिताना एक डोळा मायदेशाकडे होता. हिंदुस्थानातल्या पुरुषांना आणि इंग्रज राज्यकर्त्यांना दाखवायला त्यांना एक चांगला नमुना हवा होता. त्यामुळे काही ठिकाणी अमेरिका जरा जास्तच उजळ दिसते.

ख्रिस्ती मदत आणि हिंदू राहणी एका छताखाली नांदू शकतात, ही कल्पना त्यांनी नुसती लिहिली नाही, करून पाहिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं, आणि शाळेत धर्मप्रसार नाही असं ठरलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. १८९३ मध्ये ते मोडकळीला आलं: मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार बंदही करणार नाही. तुमची बाजू कुठलीही असो, उघडं दार हे आमंत्रण असतं की नसतं, हा प्रश्न सोपा नाही. सरकारी शाळेच्या मैदानावर कोच प्रार्थनेला गुडघे टेकतो तेव्हा अमेरिकेची कोर्टं आजही त्याच दाराशी अडतात.

शेवटचं काम बायबलचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकट्याने सगळं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडंसं आधी ते पुरं झालं. छापून आलं १९२४ मध्ये, तिथल्याच छापखान्यात, बायांनी खिळे जुळवून. आधीच्या मराठी बायबलवर त्यांचा आक्षेप काय होता? ते संस्कृत शब्दांनी जड झालंय, ते शब्द हिंदू तत्त्वज्ञान ओढून आणतात, आणि साध्या बायांना कळत नाहीत.

म्हणजे बघा, क्रूसावर संस्कृत मागणारी हीच बाई आता बायबलमधून संस्कृत काढत होती. कुणी म्हणेल मतं बदलली, कडवेपणा आला. थोडं खरं आहे. मुक्तीच्या काळातल्या रमाबाईंना हिंदू धर्मात ठेवण्यासारखं फारसं काही दिसत नव्हतं, आणि वाँटेजमधला तो मोकळा प्रश्नार्थक सूर इथे ऐकू येत नाही. पण वाँटेजच्या पत्रात कारणं दोन होती. देशाचा अभिमान मागे पडला. 'बायांना कळत नाही' हे दुसरं कारण मात्र तीस वर्षं टिकलं, आणि या वेळी त्या बाया खरोखर समोर होत्या, दुष्काळातून आलेल्या, अनेक जातींच्या.

भाषांतर यशस्वी झालं असं म्हणवत नाही. मुळाशी इमान राखताना वाक्यं ताठर झाली, आणि मराठी चर्चमध्ये सर्रास वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. शब्द धुऊन कोरे करता येतात हा त्यांचा विश्वासही मला पटत नाही. 'पाप' म्हटलं की मागच्या जन्माचा हिशेब सोबत येणारच. रूममेटला 'प्रसाद' समजावून सांगताना तुम्हीही हे अनुभवलं असेल: खाण्याची वस्तू सांगता येते, तिच्याभोवतीचं सगळं मागे राहतं.

तरी पुढच्या वेळी कुणी धर्म की संस्कृती असं विचारलं, तर रमाबाईंचा उलटा प्रश्न हाताशी ठेवा. तुम्ही ज्याला आपलं म्हणताय, ते आपल्यातल्या किती जणांना वाचता येतं?