‘श्यामची आई’ : वर्गाबाहेर पडलेल्या शिक्षकाचे पुस्तक

‘श्यामची आई’ हे मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचण्याची रूढी मराठीत इतकी दृढ झाली आहे की, ते एका शिक्षकाने लिहिले आहे ही गोष्ट बहुधा ध्यानातच घेतली जात नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तर ही रूढी अधिकच पक्की केली. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले, तेथील छात्रालय सांभाळले आणि कायदेभंगाच्या चळवळीसाठी नोकरी सोडली. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, या पुस्तकाचा बहुतेक भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. सहा वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने मुलाच्या घडणीविषयी लिहावे आणि त्यात वर्ग जवळजवळ नसावा, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

पुस्तकात शाळा येते ती बहुधा घरापासूनचा दुरावा आणि खर्चाची विवंचना म्हणून. शिकणे घडते ते स्वयंपाकघरात, विहिरीवर, अंगणात. आणि ते कोणाच्या तरी हातातील कामाला जोडलेले असते. ‘अळणी भाजी’ हे प्रकरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील ती निमूटपणे, किंबहुना वाखाणून खातात, आणि मुले त्यांचे पाहून गप्प राहतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा चूक उघड होते. येथे कोणी कोणाला शिकवावयास बसलेले नाही. दुसऱ्याच्या कष्टाची जाण मुलाला येते ती एका न उच्चारलेल्या वाक्यातून. एवढा संयम पाठ्यक्रमात बसविणे कठीण, हे कोणीही अध्यापक मान्य करील.

परंतु हा संयम लेखकाला सर्वत्र राखता आलेला नाही. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींची ही रचना आहे. तीत छात्रालयातील सायंप्रार्थनेनंतरच्या गोष्टींचा सूर स्पष्ट ऐकू येतो. गोष्ट संपली तरी निवेदक थांबत नाही; तो तिचा अर्थ सांगतो, पुन्हा सांगतो. प्रसंग ज्याने रंगविला तो कलावंत, आणि तात्पर्य ज्याने जोडले तो वर्गातील मास्तर, असे दोन लेखक एकाच पानावर नांदतात. दुर्दैव असे की, शालेय अध्यापनाने उचलले ते मुख्यतः दुसऱ्याला. गोष्ट वाचावी आणि खाली ‘यापासून काय बोध मिळतो?’ असा प्रश्न लिहावा, एवढ्यावर तिची बोळवण होते.

खरी कसोटी ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात लागते. भिऊन लपून बसलेल्या मुलाला आई शिमटीने मारते व विहिरीकडे धाडते. तो उडी घेतो. घरी आल्यावर वळ दाखवितो, तेव्हा ती जेवणावरून उठून त्यांना तेल लावते. मार आणि तेल एकाच हाताचे असल्यामुळे हा प्रसंग कथेत सोसवतो. आणि ज्याच्या हाती फक्त शिमटी आहे अशा शिक्षकाला यातून आधार घेता येत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. म्हणून प्रकरण गाळावे काय? गाळण्याने वाङ्मयाचे नुकसान होते. आणि कौतुकाने शिकविण्याने मुलाचे. श्यामच्या श्रोत्यांत आईचे चुकले असे ठामपणे म्हणणारा कोणी उभा राहत नाही. आजच्या वर्गात तो निघेल, आणि त्याला द्यावयाचे उत्तर श्यामच्या निवेदनात सापडत नाही. ते शिक्षकाला त्या मुलाबरोबरच बसून शोधावे लागेल.