थर बसला, पण सुकल्यावर उरला का?

मागच्या वेळी स्प्रे ड्रायिंग कसं चालतं ते पाहिलं: द्रावणाचा बारीक फवारा १६०–१८० अंश सेल्सिअसच्या हवेत सोडायचा आणि काही सेकंदांत पावडर गोळा करायची. आज थोडी तक्रार.

माझ्या विषयात एक ठरलेला पेपर असतो. तेलाचे थेंब लेसिथिनने स्थिर करतात, त्यांच्यावर ऋण भार येतो. मग धन भाराचं कायटोसॅन घालतात, ते थेंबाला चिकटतं. झीटा पोटेन्शियल ऋणाचं धन झालं म्हणजे थर बसला. इथपर्यंत पुरावा चोख आहे. पुढे माल्टोडेक्स्ट्रिन घालून सगळं सुकवतात आणि शीर्षकात लिहितात, ‘नियंत्रित मुक्तता’.

इथे मी अडतो. मोजमाप ओल्या इमल्शनचं, दावा कोरड्या कॅप्सूलचा! सुकताना थेंब एकमेकांवर दाबले जातात, क्षारांची तीव्रता वाढते, भारांचं आकर्षण ढिलं पडतं. मग पावडर पुन्हा पाण्यात विरघळवून थेंबांचा आकार आणि झीटा परत मोजायला नको का? जे मोजतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसरं, माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात झटकन विरघळतं. सुरुवातीला भसकन बाहेर येणारं तेल कदाचित कॅप्सूलच्या पृष्ठभागावरच राहिलेलं असेल. ते आधी हेक्झेनने धुऊन मोजावं लागतं. तरीही आलेखावर कोर्समेयर-पेप्पास समीकरण बसवतात, R² ०.९९ आलं की यंत्रणा ‘सिद्ध’. हे समीकरण पहिल्या ६० टक्के मुक्ततेपुरतं आहे. गोलाकार कणासाठी n ०.४३ च्या आसपास आला की फिकचं विसरण म्हणायचं, पण भिंतच विरघळत असेल तर त्या n ला अर्थ काय?

हे मी वरून बोलत नाहीये. माझ्या पहिल्या अहवालात मीही हेच केलं होतं. सरांनी एकच विचारलं, “एकाच थराचा नमुना कुठंय?” नव्हता. केला. दोन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले. सहा महिन्यांचं काम एका वाक्यात आटोपलं.

म्हणून थर निरुपयोगी ठरत नाही. कायटोसॅनचा धन थर लोहाचे आयन दूर ठेवतो, त्यामुळे तेल खवट व्हायला वेळ लागू शकतो. पण ते संरक्षण झालं, नियंत्रित मुक्तता नव्हे.

पुढचा असा पेपर हातात आला की आधी आलेख बघू नका. एकथरी नमुना आहे का ते शोधा.